तीन ऑक्टोबरची मुलगी

एतिदालच्या आयुष्यात एक रेषा होती. तळहातावरची नव्हे, कॅलेंडरातली. एक ऑक्टोबर.

त्या दिवशी ज्या पोराची सहा वर्षं भरलेली असतात, ते दप्तर पाठीला लावून शाळेत जातं. ज्याची दोन दिवसांनी भरतात, ते पुढचं अख्खं वर्ष उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाढवांशी गप्पा मारतं. एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीवर आमच्या डॉक्टर एतिदालनं जन्म वेचला. स्थळं आली आणि वाट बघून परत गेली, केसांत चांदी उतरली, चष्म्याची काच जाड झाली, आणि ती आपली रेषेच्या अलीकडची पोरं आणि पलीकडची पोरं शेजारी शेजारी उभी करून बघत राहिली.

मी उलफत. एतिदाल संख्याशास्त्र शिकवते त्याच शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात मी बालगीतं शिकवते. अंगाया, बडबडगाणी, कापूसवेचणीची गाणी. माझ्या विषयाला कोणी विषय मानत नाही आणि तिच्या विषयाला कोणी शिक्षण मानत नाही, म्हणून आम्हा दोघींना जिन्याखालची एक खोली दिलेली होती. टेबलं दोन, पंखा एक. पंखा माझ्या बाजूला फिरला की माझी गाणी उडायची, तिच्या बाजूला फिरला की तिचे आलेख. असं आमचं सख्य.

तिचं वर्गातलं पहिलं व्याख्यान मला पाठ होतं. भिंत पातळ होती.

"बाळानं कुठल्या दिवशी बाहेर यायचं, हे आई ठरवते का?"

"नाही, दोक्तोरा."

"बाप ठरवतो का?"

मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी म्हणायचं, "बाप तेव्हा कॅफेत असतो, दोक्तोरा."

"बरोबर. म्हणजे रेषेच्या कुठल्या बाजूला कोण पडणार, याच्या चिठ्ठ्या देवानं टाकल्या. इथं कोणाचा वशिला नाही. अलीकडचं पोर आणि पलीकडचं पोर, एकाच मातीचं, एकाच भाकरीचं. पुढं दोघांत फरक पडला तर तो फक्त त्या एका वर्षाचा."

आणि फरक पडत होता. घरी थांबलेली पोरं पुढं सरस निघत होती, थेट शाळेच्या शेवटच्या, सानवियाच्या परीक्षेपर्यंत, जिच्या पायी आमच्याकडच्या आया वर्षभर आधी नवस बोलून ठेवतात. एतिदालचं म्हणणं साधं होतं: रेषा मागं सरकवा, सगळ्याच पोरांना थोडं मोठं होऊ द्या. राजधानीतल्या एका कार्यालयात तिचं हे म्हणणं बरीच वर्षं एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जात होतं.

व्याख्यानाचा शेवट ती नेहमी एकाच गोष्टीनं करायची. "मी स्वतः तीन ऑक्टोबरची. दोन दिवसांनी माझी शाळा हुकली. ते वर्ष मी बापाबरोबर नावेत काढलं. माझा बाप या काठावरची माणसं त्या काठाला न्यायचा. मला मधल्या फळीवर बसवायचा आणि विचारायचा, एतिदाल, कुठल्या बाजूला माणसं जास्त? मी सांगायची, तो दोघांना उठवून इकडे बसवायचा. हेच माझं पहिलं संख्याशास्त्र. आणि हे मला कोणी दिलं? कोणीच नाही. दोन दिवसांच्या योगायोगानं दिलं."

पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत येईल म्हणून.

आता तिच्या बढतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर लटकलेलं होतं. सहायक प्राध्यापकाची पूर्ण प्राध्यापक व्हायला समितीपुढं काम ठेवावं लागतं. एतिदालचं काम दोनदा परत आलं होतं. तिसऱ्यांदा परत आलं, की जिन्याखालची खोली कायमची. नियम तसा कुठं लिहिलेला नव्हता, पण आमच्या महाविद्यालयात न लिहिलेले नियमच जास्त काटेकोर पाळतात.

समितीचे अध्यक्ष आमचे डीन, डॉक्टर वगीह सरहान. त्यांनी आयुष्यभर शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवलं होतं आणि त्यांचा आवाज इतका गोड होता की काय बोलले ते कळलं नाही तरी माणूस मान डोलवायचा. एतिदालला ते म्हणायचे, "दोक्तोरा, शिक्षण म्हणजे आत्मा. तुम्ही आत्म्याची बेरीज करता. बेरीज चुकत नाही हो तुमची, पण आत्मा निसटतो."

साठीला डीनची खुर्ची सोडावी लागते. डॉक्टर वगीह यांच्या बरोबरीचे सगळे केव्हाच घरी बसून नातवंडं खेळवत होते. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला साठ झाली म्हणून गेल्याच वर्षी आमच्या सभागृहात निरोप दिला, तेव्हा थोरला भाऊ म्हणून डीनसाहेबांनीच भाषण केलं आणि रुमालानं डोळे पुसले. धाकट्याची साठी उलटली आणि थोरल्याची यायची होती. पण आमच्या सईदमध्ये, म्हणजे दक्षिण इजिप्तात, माणसं असल्या गोष्टींत बोट घालत नाहीत. आम्ही टाळ्या वाजवल्या, 'माशाल्ला' म्हणालो आणि केक खाल्ला. एतिदाल त्या समारंभाला नव्हती. ती खाली खोलीत आकडे तपासत होती.

समितीची तारीख ठरली, आणि त्याच आठवड्यात तिच्या भावाकडे, रगबकडे, पहिला मुलगा झाला. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी. सातव्या दिवसाच्या समारंभाला, सुबूला, एतिदालनं मलाही ओढलं.

"मला कशाला? तुझ्या समितीची तयारी कर."

"तयारी झाली. आई गाणी म्हणणार आहे. तुझ्या संग्रहात नसतील अशी."

मला लाच कशी द्यायची, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

कोम नखला हे तिचं गाव नदीच्या पश्चिम काठावर. आता पूल झालाय. नाव नाही, नावाडीही नाही. तिचा बाप इद्रीस जाऊन बरीच वर्षं झाली. रगब टुकटुक चालवतो. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बायकांची दाटी होती, पितळी खलबत्ता मध्यभागी, आणि मोगातचे, बाळंतिणीच्या गरम पेयाचे, पेले फिरत होते. तूप इतकं, की ओठांना चमक यावी. बाळ मोठ्या चाळणीत निजवलेलं, उशाला मीठ आणि गहू. एतिदालची आई, हज्जा नईमा, खलबत्ता ठणाठण वाजवत बाळाच्या कानाशी ओरडत होती, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नको!"

"अगं हज्जा, मी इथंच उभा आहे," रगब म्हणाला.

"म्हणूनच ओरडतेय. तुलापण ऐकू जाऊ दे."

मग चाळण हलू लागली आणि हज्जानं गाणं धरलं. आवाज चिरकलेला, पण लय अशी की पाण्यावर वल्ही पडावीत.

*चाळ गं चाळणी, कोंडा जाऊ दे, दाणा राहू दे,*
*पाहुणा आलाय दारी, त्याला घरचा होऊ दे.*
*चाळ गं चाळणी, दोन काठांना वारा एक,*
*नाव आमची लहान, तिच्यात मावू दे लेक.*

मी घाईघाईनं लिहून घेतलं. एतिदालनं माझा दंड दाबला. "बघ, म्हटलं नव्हतं?"

नंतर मेणबत्त्या. थाळीत नावांच्या मेणबत्त्या लावायच्या, जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. हमझा विझला, यासीन विझला, थरथरत थरथरत सालिह विझला, आणि इद्रीस आपला सरळ ज्योत धरून उभा. बायकांनी हाळी दिली. एतिदालनं चष्मा सावरून थाळीकडे पाहिलं.

"आई, ही मेणबत्ती जाड आहे."

"असेल."

"मग बाकीच्यांना संधी कुठं होती? चिठ्ठी टाकायची तर सारख्या टाकाव्यात."

"देवावरच सोडलं होतं, पोरी," हज्जा म्हणाली. "देवाला थोडा हात दिला, एवढंच. तुझ्या बापाचं नाव म्हणजे माझ्या घरात हमझा-यासीनच्या रांगेत उभं राहणार होतं की काय?"

हसू उसळलं. एतिदालही हसली. त्या हसण्यातच, बाळाच्या टाळूवरून बोट फिरवत, तिनं सहज विचारलं, "मग सप्टेंबरचा हा. नोंदवलास का रे, रगब?"

"उद्या जाईन आरोग्य कार्यालयात. तीच तर पंचाईत आहे. कुठली सांगू?"

"काय कुठली?"

"तारीख."

"जन्मला ती."

"जन्मला तीही आहे, आणि आजचीपण आहे. आज तीन ऑक्टोबर." रगब डोकं खाजवू लागला. "तू शिकलेली, तू सांग."

एतिदालला कळेना. हज्जानं समजावलं, जसं एखाद्या शहरी पाहुणीला चूल कशी पेटवतात ते सांगावं तसं. सात दिवस बाळ घरचं नसतं. फरिश्त्यांचं असतं, मन लागलं तर राहतं, नाही तर जातं. त्याचं नाव सरकारच्या कानावर कशाला घालायचं? चाळणीतून उचललं की माणसात आलं. मग बाप कार्यालयात जातो. तिथला बाबू विचारतो, कधी झालं? बापाच्या हातात दोन तारखा असतात, दोन्ही खऱ्या. ज्याला जी सोयीची ती तो सांगतो.

"सोयीची म्हणजे?" एतिदालचा आवाज बारीक झाला होता. मी त्या आवाजाला ओळखते. आकडा चुकला की ती असं बोलते.

"अगं, ऑक्टोबराच्या तोंडाशी झालेलं पोर असेल तर बघावं लागतं ना," हज्जा म्हणाली. "त्या हुसेनच्या घरात खाणारी तोंडं खंडीभर. तो सप्टेंबर सांगतो. पोर लवकर शाळेत गेलं की सकाळची बिस्किटं तिथं मिळतात. मास्तर अब्दुलसमी मात्र ऑक्टोबर सांगतो. म्हणतो, पोर थोडं दमदार होऊ दे, घरी अक्षरं घोटून घेऊ, मग पाठवू. ज्याच्या त्याच्या घरावर आहे."

"सगळे असं करतात?"

"या काठाला सगळे. पलीकडच्यांचं मला माहीत नाही. त्यांना धीर कमी."

एतिदाल चाळणीच्या कडेला बसली. मोगातवर साय धरली. मग तिनं विचारलं, आणि मला वाटतं हा प्रश्न तिला विचारायचा नव्हता.

"आणि मी?"

"तू काय?"

"माझी तारीख."

"तीन ऑक्टोबर तुझी चाळण. आजच्याच दिवशी, म्हणून तर मी रगबला म्हटलं, आत्याचा आणि भाच्याचा दिवस एक येईल. झालीस तू सप्टेंबरातच. तुझ्या बापाला मी म्हटलं होतं, सप्टेंबर सांग, पोरगी चुणचुणीत आहे, जाऊ दे लवकर. तो म्हणाला, नाही. एक वर्ष माझ्या नावेत बसू दे. शाळा तिला न्यायचीच आहे एकदा. नेली की परत देत नाही."

खलबत्ता पुन्हा वाजू लागला. कोणीतरी पोरांच्या अंगावर मीठ उधळत होतं. आमच्या दोक्तोरानं चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकानं पुसत राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

परतीच्या मायक्रोबसमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. खिडकीबाहेर ऊस सरत होता. मी म्हटलं, "एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. त्यानं काय बिघडतं गं?"

"आठवड्यानं काही बिघडत नाही. निवडण्यानं बिघडतं." ती खिडकीकडेच बघत बोलली. "रेषेच्या पलीकडे माझी जी पोरं उभी आहेत, ती तिथं पडलेली नाहीत, उलफत. त्यांना कोणीतरी उचलून ठेवलंय. ज्या बापांना पोर घरी ठेवून घोटून घ्यायचं होतं, त्यांनी. आणि अलीकडे हुसेनची. मी इतकी वर्षं बापांची तुलना करत बसले आणि वर लिहिलं: एका वर्षाचा परिणाम."

"मग?"

"मग समितीला सांगायचं."

मी जवळजवळ ड्रायव्हरला ऐकू जाईल अशी ओरडले. "वेडी झालीस? तिसरी खेप आहे ही! आधी खुर्ची घे. मग सांग काय सांगायचं ते."

"खुर्चीवर बसल्यावर कोणी असलं काही सांगितलेलं तू पाहिलंयस?"

मी आठवून पाहिलं. ऊस संपला, पूल आला, पूल संपला. मला एकही नाव आठवलं नाही.

समितीची बैठक आमच्याकडे उघड्या दारानं होते. विभागातले सगळे मागं येऊन बसतात, कारण चहा महाविद्यालयाचा असतो. पुढं डीनसाहेब मध्यभागी; त्यांच्या एका बाजूला उत्तरेकडून आलेले डॉक्टर मुनीर, पातळ, सरळमार्गी, सतत काहीतरी टिपून घेणारे; दुसऱ्या बाजूला आमच्याच भागातले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांचं वय कागदावर किती होतं हे मी सांगणार नाही.

डीनसाहेबांनी गोड आवाजात सुरुवात केली. "दोक्तोरा एतिदाल, तुमच्या बेरजा आम्ही पाहिल्या. पुन्हा एकदा पाहिल्या. आमच्या मनात काही शंका आहेत."

"माझ्याही मनात आहेत," एतिदाल म्हणाली. "मीच आधी बोलू का?"

ती उभी राहिली. हातात कागद नव्हता. तिला कागदाशिवाय बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"माझं सगळं काम एका गोष्टीवर उभं आहे. जन्माची तारीख कोणी निवडत नाही. मला आता कळलंय, की निवडतात. आमच्या खेड्यांत कागदावरचं वय वेगळं आणि खरं वय वेगळं. ज्यानं त्यानं आपली सोय बघून तारीख लावलेली आहे."

डीनसाहेब चहात साखर ढवळत होते. चमचा थांबला.

"दोक्तोरा," ते म्हणाले, "तुम्ही लहान पोरांबद्दलच बोलताय ना?"

"लहान पोरंच मोठी होतात, सर."

मागं कोणीतरी खोकलं. माझ्या शेजारच्या बाईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी एतिदालकडे पाहत होते: चेहरा धुतल्या काचेसारखा, आत-बाहेर सारखा. तिच्या बिचारीच्या मनात हुसेन होता, मास्तर अब्दुलसमी होता, नावेतला बाप होता. खोलीतल्या बाकी सगळ्यांच्या मनात एकच माणूस होता आणि तो समोर बसून घाम पुसत होता.

डॉक्टर मुनीर उत्तरेचे. त्यांना यातलं काय ठाऊक? ते उत्सुकतेनं पुढं झुकले. "फार महत्त्वाचं बोललात. पण अशी तारीख पकडणार कशी?"

"सोपं आहे," एतिदाल खुलली. पद्धतीबद्दल विचारलं की ती नेहमीच खुलते. "भावाभावांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या. थोरला कागदावर धाकट्याच्या मागं पडलेला दिसला, की समजायचं."

वयोवृद्ध सदस्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि छताकडे पाहिलं.

"आणि हे तुम्ही... शोधणार आहात?" डीनसाहेबांच्या आवाजातला मध आटला होता.

"शोधावंच लागेल, सर. आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करीन. म्हणून माझी विनंती आहे, की माझा निष्कर्ष आज ग्राह्य धरू नये—"

"पाणी," डीनसाहेब म्हणाले. "कोणीतरी पाणी आणा. दोक्तोरांचा घसा कोरडा पडलाय."

पाणी डीनसाहेबांनीच प्यायलं. मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि चहा निवायच्या आत पुन्हा उघडलं.

"ज्या विदुषीला स्वतःच्या कामावर एवढी कठोर शंका घेता येते," डीनसाहेब उभे राहून म्हणाले, "तिला प्राध्यापक करायचं नाही तर कोणाला? समितीचा निर्णय एकमतानं."

"पण सर, निष्कर्षच चुकलाय—"

"बघा! बघा ही नम्रता!" त्यांनी दोन्ही हात पसरले. "नव्या पिढीनं शिकावं असं काही असेल तर ते हे."

टाळ्या पडल्या. डॉक्टर मुनीर मात्र अजून टिपण काढत होते आणि टाळी वाजवायला त्यांना थोडा उशीर झाला. गर्दीत डीनसाहेब एतिदालच्या जवळ सरकले, आवाज खाली आणला. "आता तुम्ही घरच्या झालात, दोक्तोरा. घरातलं घरातच राहिलेलं बरं, नाही का?"

"घरातलं काय, सर?"

ते मनापासून हसले. "वल्लाही, काय मुरलेल्या आहात तुम्ही! मी तुम्हाला फार उशिरा ओळखलं."

जिन्याखालच्या खोलीत लोकांची रांग लागली. कोणी सरबत आणलं, कोणी बसबूसाची मिठाई. सगळे तिचा हात धरून डोळा मिचकावत होते. "काय नेम धरलास गं!" "भरसभेत, हसत हसत!" "आणि आम्ही तुला साधी समजत होतो." ज्या कारकुनानं तिला कधी खडूची पेटी वेळेवर दिली नव्हती, तो दारात उभा राहून विचारत होता, वरच्या मजल्यावरची नदीकडची खोली चालेल ना?

सगळे गेले. एतिदाल खुर्चीत बसली, सरबताचा पेला हातात तसाच.

"उलफत, हे लोक काय बोलतायत? मी कोणावर नेम धरला?"

मी सांगितलं. निरोपसमारंभ, धाकटा भाऊ, रुमाल, केक.

"त्यांना धाकटा भाऊ आहे?"

"आहे."

"कोणी सांगितलं का नाही मला?"

"तू समारंभाला आली नाहीस."

ती पेला खाली ठेवून हसू लागली, आणि हसता हसता ते हसणं मला ऐकवेना. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मान खाली घालून सांगितलं होतं की मी चुकले. ते कोणी ऐकलंच नाही; ऐकली ती धमकी, जी तिनं दिली नव्हती. आणि जी खुर्ची तिला खऱ्या कामासाठी हवी होती, ती त्या धमकीमुळे मिळाली होती. उद्या तिनं घसा फोडून सांगितलं असतं, की मी फक्त पोरांबद्दल बोलत होते, तर लोक म्हणाले असते, वा, अजून दाबतेय!

तरी तिनं प्रयत्न सोडला नाही. दुसऱ्याच सकाळी राजधानीतल्या त्या कार्यालयात फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडचा गृहस्थ खणखणीत बोलत होता.

"अभिनंदन, प्रोफेसर! तुमचा प्रस्ताव इतकी वर्षं अडला होता तो एवढ्याचसाठी. सहायक प्राध्यापकाच्या शब्दावर देशाची रेषा कशी हलवणार? आता हलवली. आजच सही झाली. एक जुलै."

"पण मी तेच सांगतेय, तो शब्द मी मागं घेतेय."

"प्रोफेसर," तो ममतेनं म्हणाला, "आपल्यासारख्या मोठ्या माणसांचा शब्द मागं जात नसतो."

त्या आठवड्यात तिचं वर्षाचं पहिलं व्याख्यान होतं. तिला नदीकडची खोली मिळाली तरी मी जिन्याखालीच होते, आणि भिंत तेवढीच पातळ. तेच प्रश्न मी ऐकले. आई ठरवते का? नाही, दोक्तोरा. बाप ठरवतो का? मागच्या बाकावरून तेच उत्तर आलं: बाप तेव्हा कॅफेत असतो, दोक्तोरा.

मग खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"नाही," एतिदाल म्हणाली. "माझा नव्हता. माझा बाप कार्यालयाच्या खिडकीपाशी उभा होता. त्याच्या हातात दोन तारखा होत्या. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं. परीक्षेत येईल म्हणून.

त्याच दुपारी ती खाली माझ्याकडे चहाला आली असताना रगबचा फोन आला. मागं टुकटुकची घरघर, भोंगे, कोणीतरी भाडं विचारतंय.

"दोक्तोरा, तू अजून सांगितलं नाहीस. आज शेवटचा दिवस आहे, उद्यापासून दंड लागेल. मी कार्यालयासमोरच उभा आहे. कुठली सांगू?"

"तुला काय हवंय?"

रगब जरा लाजला असावा. "म्हणजे... आपल्या बापासारखं. वर्षभर पुढं माझ्याशेजारी बसवीन म्हणतो. नाव नाही, टुकटुक आहे. पण माणसं तीच."

"ते वर्ष तुला मिळालं, रगब. रेषा जुलैवर गेली. तू सप्टेंबर सांग नाही तर ऑक्टोबर, तो त्याच वर्षी शाळेत जाईल."

"म्हणजे आता तारखेनं काहीच फरक पडत नाही?"

"काहीच नाही." ती हसली. इतक्या दिवसांत असं हलकं हसू मी तिच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. "आपल्या घरात पहिल्यांदाच. आता मोकळ्या मनानं खरी तारीख सांग."

पलीकडे घरघर चालू राहिली. भाडं विचारणारा निघून गेला असावा.

"खरी," रगब म्हणाला. "बरं. पण दोक्तोरा, खरी म्हणजे कुठली?"

एतिदालनं तोंड उघडलं. प्रोफेसर झालेली बाई, आयुष्यभर या एका प्रश्नाभोवती फिरलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गाण्यांच्या वहीत डोकं घातलं.

तेवढ्यात फोनमधून हज्जाचा आवाज आला. टुकटुकच्या मागच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन ती बसलेली असणार.

"तिला काय विचारतोस? ती या रीतीच्या नंतर आलेली. जा आत, आणि सांग, मेणबत्त्या लावल्या तो दिवस."